तारेतला एक शब्द

दुबलगुंडी, मंगळवार, चैत्र वद्य पंचमी

शेजारची गंगव्वा हैद्राबादची तार घेऊन आली. तिच्या लेकाचं नाव, पुढं एकच इंग्रजी शब्द, सीरियस.

"अप्पा, काय लिवलंय?"

माझं इंग्रजी डिक्शनरीतून शिकलेलं. तिच्यात या शब्दाचं मूळ लॅटिन दिलंय, अर्थ जड, वजनदार. पण माणूस गेला तरी तारेत सीरियसच घालतात, वाटेत घरच्यांचा धीर सुटू नये म्हणून. मी वाचलेल्या असल्या तारांतला एकही माणूस परतला न्हाई.

"दुखणं जड हाय," म्हणालो.

"मग रडायलाव कामून? माझ्या हातची भाकर खाल्ली की उठंल."

जड! एवढंच बोललो. खरं सांगायला हवं होतं का?

हैद्राबादच्या मोटारीत तिला बसवताना म्हणालो, "कुणाकडून तरी लिहून घे, पण पत्र लवकर धाड."

"कुणाकडून कामून? त्योच लिवंल की."