मूकपटाच्या पाट्या वाचताना

मंगळवार, ४ जून

टीव्हीचा आवाज गेला! शर्टांची काजं करता करता दोनदा उठले, मागून थापही मारली. मग कळलं — सिनेमाच मुका आहे. शंभर वर्षांपूर्वीचा. दिग्दर्शक युरोपातला, कुठल्याशा थंड मुलखातला. त्याचे सिनेमे पंधरवडाभर रोज दुपारी तीनला दाखवणार म्हणे.

एका धोबिणीचा चेहरा पडदाभर. किती वेळ! नुसता चेहरा. शर्ट मांडीवर तसाच राहिला.

बुधवार, ५ जून

या माणसाला घाई म्हणून नाही. बाई दार उघडायला उठते, तर पुरती उठू देतो तिला. मध्येच काळी पाटी येते, खाली आपल्या भाषेत बारीक अक्षरं.

जाऊबाई येऊन बसल्या. माझ्याकडे न बघता. टीव्ही एकच, तोही बाहेरच्या खोलीत — करतात काय!

गुरुवार, ६ जून

नऊ वर्षं आम्ही बोलत नाही. एक घर, दोन चुली. सासूबाई गेल्या त्या दिवशी जाऊबाई चार माणसांत म्हणाल्या, "दुपारचं औषध हिने दिलं नाही." औषधाचा एक दिवस त्यांचा, एक माझा, असं ठरलं होतं. पण महिनाभराच्या जागरणात वार कुठला, दिवस कोणाचा, काही कळत नव्हतं. मी दिलं की विसरले — आजही आठवत नाही. विसरलेच असणार.

शुक्रवार, ७ जून

जाऊबाईंचा मोतीबिंदू पिकलाय. पाटी आली की पुटपुटतात, "काय लिहिलंय कोण जाणे." आज मी मोठ्याने वाचलं. त्यांना नाही — टीव्हीला!

हे आत आले. "कोणाशी बोलतेस?"

"कोणाशी नाही." दोघींच्या तोंडून एकदमच.

सोमवार, १० जून

रोज वाचते. आज मी शिंकले आणि एक पाटी हुकली. जाऊबाई पडद्याला म्हणाल्या, "मग? पुढे काय म्हणाला तो?" हसू दाबताना सुई बोटात गेली.

मंगळवार, ११ जून

आजच्या सिनेमात म्हातारी खाटेवर, सून खिडकीपाशी. सुनेचा चेहरा जवळ आला. आणखी जवळ. ओठ हलेनात. असं कोणी मला बघितलं असतं तर सगळं कळलं असतं, असं वाटलं. आणि मी पाटी वाचायच्या आवाजातच म्हणाले, "मी विसरले. माझ्यामुळे गेल्या त्या."

जाऊबाई हलल्या नाहीत. पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "पाटी आलीच नव्हती. अक्षरं दिसत नाहीत मला, पण पडदा काळा झालेला कळतो."

उठून गेल्या. भिंत धरून.

बुधवार, १२ जून

आल्या नाहीत. एकटीने बघितला. पाट्या मनातच वाचल्या.

गुरुवार, १३ जून

नाहीतच. त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं. जेवल्याही नाहीत, असं हे सांगत होते. कुठून बोलले मी!

शुक्रवार, १४ जून

सकाळीच जाऊबाई माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. नऊ वर्षांनी मला नावाने हाक मारली. म्हणाल्या, "तो दिवस तुझा नव्हता गं. माझा होता."