एककाचा अर्धा गुण

प्रिय खारू,

चार दिवसांत नऊ वेळा फोन केला, तू एकदाही उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. पाकीट चिकटवून तुझ्या आईकडे देते आहे. ताईने ते वाटेत उघडलं नसेल तर तिची तब्येत बरी नाही असं समज.

आधी माझा वैताग ऐकून घे. तुला पदवी मिळून अकरा महिने झाले, आणि हे अकरा महिने ताई मला एकच प्रश्न विचारते आहे. "त्या पाण्याच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं तू नुसत्या बाटल्या हलवतेस का गं? भाचीसाठी एक शब्द टाकता येत नाही?" मी म्हणते, येत नाही. ती म्हणते, "मोठी आली हरिश्चंद्राची नात." तुझ्यावरही मी कमी वैतागलेली नाही. रंगाच्या कारखान्यात त्यांनी विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, तर "निदान या खुर्चीत तरी नाही, हिचा एक पाय हलतो" असं उत्तर देतात? हलत असेलही. पण नोकरी गेली ना. आणि सगळ्यात वैताग त्या जाहिरातींचा. जागा नवशिक्यांसाठी, अनुभव मात्र दोन वर्षांचा हवा. म्हणजे पोहता येत असेल तरच पाण्यात उतरा.

मग आमच्याकडेच एक जागा निघाली आणि तू अर्ज केलास. मी तुला बजावलं होतं, माझ्याकडून कणभर मदत मिळणार नाही. साहेबांनाही जाऊन सांगितलं की माझी भाची परीक्षेला बसते आहे, पेपर मला तपासायला देऊ नका. ते म्हणाले, "बाई, पेपरांवर नुसते क्रमांक आहेत. आणि तुम्ही तर आरशातल्या बाईलाही वाढीव गुण देणार नाही." सगळे हसले. मला ते ऐकून बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

चाळीस पेपर होते. पण क्रमांकाने काय लपतं? तुझ्या साताच्या पोटातली आडवी रेघ मीच शिकवलेली, तू तिसरीत असताना, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तेव्हा तुझा एक आणि सात जुळे भाऊ दिसायचे. चौथा प्रश्न एक लिटर पाण्यातल्या क्षारांचा होता. तुझी रीत बरोबर, आकडा बरोबर, आणि आकड्यापुढे काहीच नाही. मिलिग्रॅम नाही, ग्रॅम नाही. त्या टेबलावर मी तुला शंभरदा विचारलं असेल, पाच काय? पाच घोडे की पाच गाढवं? आणि तू म्हणायचीस, "गाढवं. तुला धरून सहा." बावीस वर्षांची झालीस तरी तेच. मी अर्धा गुण कापला. पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उमटलं.

मंगळवारी यादी लागली. मुलाखतीला पाच जणांना बोलावलं, आणि तू अर्ध्या गुणाने सहावी. ताई सांगत होती, त्याच संध्याकाळी तू त्या फोनवर तक्रारी ऐकायच्या कंपनीचा दोन वर्षांचा करार घरी आणलास आणि सोमवारी सही करणार आहेस. "निदान तिथे मावशी नाही," असं म्हणालीस म्हणे. लागलं मला. त्याहून जास्त लागलं ते हे, की तुझं काय चुकलं हे शोधून काढता येईना.

मी रोज डायरी लिहिते म्हणून तू हसतेस. पेपर तपासले त्या दिवशी मी लिहिलं होतं, "अक्षर ओळखलं नाही. सगळ्यांना एकच माप लावलं." काल ती ओळ पुन्हा वाचली. पहिलं वाक्य खोटं आहे, हे मला लिहितानाच माहीत होतं. दुसरं तरी खरं आहे का ते बघायला आज सकाळी कपाटातून गठ्ठा काढला. एकक न लिहिणारे तुझ्याशिवाय सात जण निघाले. सातही जणांना मी पूर्ण गुण दिले होते. एकाच्या समासात तर "रीत उत्तम" असंही लिहिलं आहे. त्यांची उत्तरं मी परीक्षक म्हणून तपासली, तुझं मात्र मावशी म्हणून. तुला अर्धा गुण जास्त दिला असता तर कुणीतरी मला पकडलं असतं. कमी दिला, म्हणून प्रामाणिक ठरले.

दुपारी साहेबांना सगळं सांगितलं. ते वैतागले, "अर्ध्या गुणासाठी, बाई?" मी म्हटलं, हो. आता चाळीसही पेपर दुसरा माणूस पुन्हा तपासणार आहे, नवी यादी गुरुवारी लागेल. तो आठही जणांचे गुण कापेल, तुझे आणखी कुठे कापेल, मला माहीत नाही. तू पाचांत येशील असं वचन देत नाही. म्हणून एवढंच मागते, सोमवारी सही करू नकोस, गुरुवारपर्यंत थांब. त्यानंतर मावशी नसलेली नोकरी खुशाल घे. आणि मुलाखतीला आलीसच, तर आमच्या साहेबांसमोरची खुर्चीही हलते. मला माहीत आहे. बोलू नकोस.

तुझीच,
सहावं गाढव