पडदा ओढायला कुणी सांगितलं?

सॉल्टरबी,
१७ सप्टेंबर, बुधवार

प्रिय रसल,

कसा आहेस? बायको-मुली मजेत असतील. इकडे सगळं नेहमीसारखंच. आईचा गुडघा अजून कुरकुरतो आणि त्याहून जास्त आई कुरकुरते. पण रविवारी चर्चच्या पायऱ्या चढताना सगळ्यांच्या पुढे तीच. नवरोबा डगी समुद्रात पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर गेलाय. शनिवारी येईल, धुकं धरलं तर देव जाणे कधी. वृद्धाश्रमातली माझी सकाळची पाळी चालू आहे. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, कपडे चढवायचे. ती बिचारी निदान 'थँक यू' तरी म्हणतात.

पत्र लिहिते आहे, कारण फोन केला की तुझ्या ऑफिसातली ती मुलगी उचलते. "कौन्सिलर होलरॉइड मीटिंगमध्ये आहेत. आपण कोण?" म्हटलं, त्यांची बहीण. तर म्हणाली, "हो का? कशासंदर्भात?" आता भावाशी बोलायला संदर्भ लागतो, हे मला नवीन होतं.

पेपरात तुझा फोटो पाहिला, फुकट न्याहारीच्या उद्घाटनाचा. न्याहारी तर शाळा उघडल्यापासूनच चालू आहे. छान आलाय. माझ्या हेटीच्या शाळेचा हॉल, टेबलांवर लापशीचे बाऊल, आणि तू मुलांना टोस्ट वाढतोयस. खाली तुझं वाक्य ठळक अक्षरांत: 'सॉल्टरबीतलं एकही मूल यापुढे उपाशीपोटी वर्गात बसणार नाही.'

एकही? रसल, तू बोलण्याआधी मोजलं होतंस का रे?

त्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते ऐक. मी हेटीला घ्यायला शाळेच्या फाटकाशी उभी होते. मुख्याध्यापिका, मिसेस ऑकलंड, स्वतः बाहेर आल्या. त्या आपणहून बाहेर आल्या की समजावं, काहीतरी गोड बोलून काढून घेणार.

"मार्नी, उद्या पाहुणे येणार आहेत. कॅमेरे, गर्दी, गोंगाट. हेटीला त्रास होईल. उद्या न्याहारीला नाही आणलंत तर तिच्याच दृष्टीने बरं."

मी म्हटलं, "माझी पाळी सातला सुरू होते. मग तिला ठेवू कुठे?"

"तुमच्या आई आहेत ना?"

"आणि परवापासून?"

त्यावर त्या म्हणाल्या की परवापासूनचंही जरा बघावं लागेल. हेटीने कानावर हात ठेवून किंचाळायला सुरुवात केली की बाकीची मुलं घाबरतात. तिच्याजवळ बसायला एक माणूस हवा, त्या माणसाचा पगार कौन्सिलने द्यायला हवा, आणि कौन्सिल तर तिची तपासणी करायलाच तयार नाही. "माझे हात बांधलेले आहेत हो," म्हणाल्या. हात बांधलेले असलेली माणसं किती सहज दुसऱ्याच्या पोराला दार दाखवतात!

तपासणी का नाही? तर 'विशेष गरज असल्याचे दिसून येत नाही'. सात वर्षांची मुलगी, मूठभर शब्दांवर जगते, घंटा वाजली की टेबलाखाली शिरते, आणि दिसून येत नाही! ज्याने हे ठरवलं त्याने हेटीला एकदाही बघितलेलं नाही. न बघितल्यावर दिसणार काय, कपाळ?

ती तीन वर्षांची होती तेव्हाही हेच. सरकारने पाळणाघराचे तास फुकट दिले, सगळीकडे फलक लागले. आपल्या पाळणाघराने सांगितलं, तास तुमचेच आहेत, पण हिला सांभाळायला आमच्याकडे माणूस नाही, तेव्हा दुपारच्या आत घेऊन जा. मी तेव्हा हॉस्पिटलातली पक्की नोकरी सोडली. तू म्हणाला होतास, "व्यवस्था रुळायला वेळ लागतो." आता मुलांचं आणि शाळांचं ते खातं तुझ्याच हातात आहे. रुळली का?

हेटी बरी आहे. फोटोच्या दिवसाबद्दल जास्त लिहीत नाही. आईने लिहू नको म्हटलंय.

मार्नी

&nbsp;

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रसल,

तुझं उत्तर मिळालं. कौन्सिलच्या शिक्क्याचं, छापील. 'प्रिय रहिवासी, आपले म्हणणे संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे.' डगीने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "अगं रहिवासी, चहा टाकतेस का?" तो हसला. मी हसले नाही.

तू ते वाचलंही नसशील. त्या मुलीने परस्पर धाडलं असेल. हे पत्र मी तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे आणि वर 'खासगी' लिहिलंय. हे तू स्वतः वाच.

हेटी बरी आहे, असं मी लिहिलं होतं. ती बरी नाही.

त्या दिवशी पहाटे मी तिला आईकडे सोडलं. तिला सांगितलं, आज शाळेत न्याहारी नाही, आजीकडे. पण हेटीचा दिवस म्हणजे एकावर एक रचलेले ठोकळे. खालचा काढला की वरचं सगळं ढासळतं. आई बाथरूममध्ये गेली. तेवढ्यात पोरीने पायजम्यावरच शाळेचा स्कर्ट चढवला, दप्तर घेतलं आणि कडी काढून बाहेर पडली. मोठा रस्ता एकटीने ओलांडला. त्या वेळी मासळीचे ट्रक कसे सुटतात ते तुला ठाऊक आहे.

आई अनवाणी रस्त्यावर धावली. दुखऱ्या गुडघ्याने. मला फोन आला तेव्हा माझ्या हातात एका आजोबांचा मोजा होता. तो मी तसाच हातात धरून पळाले.

हेटी सापडली बंदरावर, होड्या उतरवायच्या उतारावर. कमरेपर्यंत पाण्यात बसली होती. हात कानांवर. खेकड्यांच्या जाळ्या लावणाऱ्या एका माणसाने तिला बघितलं. तो म्हणाला, "बाई, भरती चढत होती. हाक मारली तर वळेना, तेव्हा बूट घालूनच उतरलो."

तेव्हापासून ती बोलत नाही. आधी मूठभर शब्द तरी होते. 'मम्मी' होता, 'अजून' होता, 'टोस्ट' होता. आता एकही नाही. खाण्याकडे बघत नाही. डगी जमिनीवर तिच्याशेजारी बसून राहतो, नुसता. आईने मला शपथ घातली होती, "रसलला सांगू नको, माझ्या हातून झालं." आई रोज स्वतःला शिक्षा देतेय म्हणून मी गप्प होते. पण काल ग्लेनिस भेटली.

ग्लेनिस म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते ती. टोस्टचा ट्रे घेऊन फोटोत तुझ्यामागे अर्धी दिसते बघ. तिने मला बस-स्टॉपवर गाठलं. म्हणाली, "मार्नी, त्या दिवसापासून मला झोप नाही. नोकरी गेली तर गेली."

तिने सांगितलं की हेटी शाळेपर्यंत पोचली होती. हॉलच्या खिडकीशी उभी राहून तळहाताने काच बडवत होती. मुलांच्या गलबल्यात कुणाचं लक्ष नव्हतं. तुझं गेलं. तू वळून बघितलंस. मग तू वॉचमनला म्हणालास, "जरा तो पडदा ओढून घ्या, उजेड डोळ्यांवर येतोय."

ग्लेनिस ट्रे ठेवून बाहेर जाईपर्यंत खिडकीशी कुणी नव्हतं.

त्या दिवशी धुकं होतं, रसल. कसला उजेड?

तू तिला ओळखलं नाहीस, असं म्हणू नकोस. तिच्या बारशाला तिला हातात धरून तूच उभा होतास. दर नाताळला आईच्या टेबलावर ती तुझ्यासमोर बसते आणि तुझ्या ताटातले वाटाणे वेचून खाते.

ग्लेनिस खोटं बोलते आहे असं मला लिही. मी विश्वास ठेवीन. खरंच ठेवीन. मला ठेवायचाच आहे.

मार्नी

&nbsp;

६ नोव्हेंबर, गुरुवार

रसल,

तू मला लिहिलं नाहीस. तू आईला फोन केलास.

आईने निरोप सांगितला तेव्हा तिची नजर खाली होती. "तो म्हणतो, हेटीची तपासणी होईल, सोबतीला बाईही मिळेल, तो स्वतः बघतो. फक्त मार्नीने आता गवगवा करू नये. निवडणूक जवळ आली आहे." आणि वर म्हणाली, "घे गं पोरी. आपल्या हेटीचं होतंय ना?"

तीन दिवस मी विचार केला. डगी म्हणाला, "घे आणि गप्प बस, आपण काही जग सुधारायला निघालो नाही." दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "घेऊ नको, त्याच्या तोंडावर फेक." बिचारा काय करणार, पोरगी त्याचीही आहे. मी फेकलं नाही. मी असल्या मानी बायांतली नाही, ज्या स्वतःच्या ताठ्यापायी लेकराच्या तोंडचा घास घालवतात. पण तू जे देऊ केलंस ते तुझ्या खिशातलं नव्हतं, रसल. ते कायद्याने तिचं होतं. तिचंच तिला परत देऊन वर माझं तोंड विकत घ्यायला निघालास?

मंजुरीचं पत्र परवा, कौन्सिलच्या सभेच्या दिवशी सकाळी आलं. तुला वाटलं असेल, आता ही येत नाही. पत्र मी जपून ठेवलं आणि संध्याकाळी सभेला आले.

सभेत तू होतास, पण वर बघत नव्हतास. म्हणून आमच्या बाजूने काय दिसलं ते सांगते.

रहिवाशांच्या प्रश्नांची वेळ आली. माझं नाव पुकारलं. खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. म्हटलं, "माझा प्रश्न न्याहारीच्या उद्घाटनाबद्दल आहे. एक मुलगी बाहेरून काच वाजवत होती. पडदा ओढायला कुणी सांगितलं?"

तू कागद हलवलेस. "या प्रश्नाचं लेखी उत्तर देण्यात येईल."

"लेखी नको. तोंडी सांगा."

अध्यक्षांनी घंटा वाजवली. "बाई, एकच प्रश्न विचारायची मुभा आहे."

तेव्हा माझ्या शेजारची आई उठली. येऊ नको म्हणून मी तिच्या विनवण्या केल्या होत्या. तिने काठी टेकली आणि म्हणाली, "मग दुसरा मी विचारते. रसल, तुझी आई विचारतेय. पडदा कुणी ओढायला सांगितला?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तू चष्मा काढलास, पुसलास, परत घातलास. लहानपणी खोटं पकडलं गेलं की तू नाक चोळायचास तसं चोळलंस. मग म्हणालास, "मी सांगितलं."

"ओळखलं होतंस तिला?"

"हो, आई."

आई खाली बसली.

पण मी बसले नाही. मागे वळून विचारलं, "कुणाकुणाच्या मुलांना 'गरज दिसून येत नाही' म्हणून परत पाठवलंय?" हात वर जायला लागले. पहिल्यांदा एक, बिचकत. मग भिंतीशी उभी असलेली माणसंसुद्धा. एका बाईने दोन्ही हात वर केले, तिची जुळी आहेत. अध्यक्ष घंटा वाजवत राहिले. त्यातली एकही मला आजवर भेटली नव्हती, रसल. प्रत्येकीला वाटत होतं, आपलं एकटीचंच पोर तसलं. तुमची व्यवस्था चालते ती याच्याच जोरावर.

काल कळलं, तू पद सोडलंस. लोक मला रस्त्यात थांबवून सांगतात, जसं काही मला बक्षीस मिळालं. मला आनंद झाला नाही. तुझ्या जागी दुसरा येईल आणि तेच शिक्के मारील. त्याच्यापुढेही आम्ही जाणार आहोत. त्या हात वर करणाऱ्या बायका शनिवारी आमच्याकडे जमताहेत. खुर्च्या पुरणार नाहीत.

तुझी चिठ्ठी आज पोचली. हाताने लिहिलेली, एकच ओळ: 'हेटीला भेटायला येऊ का?'

आधी तिची खबर देते. सोमवारपासून तिच्यासोबत एक मुलगी बसणार आहे. भेटून गेली, कमी बोलते, बरी वाटली. लायब्ररीशेजारच्या लहान खोलीत, आणखी दोन मुलांबरोबर, शांततेत न्याहारी देणार म्हणतात. बघू. आणि आज सकाळी मी तिच्यापुढे लापशी ठेवली, तर तिने बाऊल ढकलला आणि म्हणाली, "नको." स्पष्ट. डगी स्वयंपाकघरात पाठ करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. इतका गोड नकार मी आयुष्यात ऐकला नव्हता.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू आलास तर हेटी दार उघडेल. तुझा हात धरून आत नेईल, तिची दोऱ्यांची पेटी दाखवील. काचेपलीकडे तूच होतास, हे तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. आणि कळलं असलं तरी ती तुझ्याशी तशीच वागेल. म्हणूनच येऊ नकोस. तिने माफ केलं असं वाटून तू हलका होऊन परत जाशील, आणि ते मला बघवणार नाही.

तिला राग धरता येत नाही, रसल. तिच्या वाट्याचाही मीच धरून आहे. मला तो पुष्कळ दिवस पुरणार आहे.

अजूनही तुझी बहीण,
मार्नी