चार टोप्या

प्रिय मुंगे,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. परवा तू म्हणालीस, आई, आता विषय वाढवू नकोस, महिनाअखेर दुकान मोकळं करायचं म्हणजे करायचं, इकडे तुझी खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावून झालेत. पडद्यांचा रंगही सांगितलास. मी हं हं करत राहिले आणि तू त्याला होकार समजलीस. त्यात तुझी चूक नाही. तुझ्या बाबांबरोबर पस्तीस वर्षं काढल्यावर, दुसऱ्याचा आवाज चालू असताना मधे तोंड उघडायचं नाही, ही सवय हाडात मुरली आहे. आज मात्र मी बोलणार आणि तू ऐकणार.

बाबा गेल्यापासून तू त्या दुकानात पाऊल टाकलं नाहीस, म्हणून आधी दुकान कसं आहे ते सांगते. जिन्याखालची ती खोली तशीच आहे, उभं राहिलं की डोकं लागतं तशी. डाव्या हाताला कॅसेट वाजवायचे दोन डेक, भिंतीला लोकांच्या कॅसेटी, प्रत्येक गठ्ठ्याला माझ्या अक्षरातली चिठ्ठी. मधे टेबल आणि टेबलावर ते यंत्र, कॅसेटींवरचे आवाज सीडीवर उतरवायचा बाबांचा कॉम्प्युटर, सध्या एका बाजूचं झाकण काढलेलं. तुझ्या ऑफिसात अशी यंत्रं भंगारातही घेत नाहीत म्हणालीस. नसतील घेत. आपल्या यंत्रात दोन हार्ड डिस्क आहेत आणि सीडीची दोन खोकी. एका डिस्कवर यंत्राचा स्वतःचा कारभार, दुसरीवर फक्त लोकांचे आवाज. कुणाच्या आवाजाशेजारी दुसरं काही ठेवायचं नाही, हा बाबांचा नियम. सीडी लिहायची एका खोक्यात, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून तपासायची दुसऱ्यात. मी एकदा म्हटलं, जिथे लिहिली तिथेच तपासा की, उठबस वाचेल. तर म्हणाले, आपणच लिहायचं आणि आपणच तपासायचं म्हटलं की शंभरपैकी शंभर. त्यांच्या हातून गेलेली सीडी कधी परत आली नाही, ती या खोडीमुळे.

आता जे तुला माहीत नाही ते लिहिते. तू सगळ्यांना सांगतेस की बाबा गेले आणि पंधरा दिवसांत त्यांच्या मागे त्यांचं यंत्रही गेलं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. तुझ्या आत्यांनी तर हे इतक्या जणांना सांगितलं, की भाजी घेताना एक अनोळखी बाई माझा हात धरून म्हणाली, मुक्या वस्तूंनाही कळतं हो. मी मान हलवली. आठ महिने मान हलवते आहे. मुंगे, यंत्र त्यांच्या मागे गेलेलं नाही. ते मी बंद पाडलं.

झालं असं. तुम्ही सगळे आपापल्या घरी गेलात आणि मला हातांचं काय करावं ते कळेना. घर दोनदा पुसून झालं. मग दुकान उघडलं. यंत्राच्या जाळीतून धुळीचे झुपके लोंबत होते. बाबा मला आत हात घालू देत नसत, आता अडवणारं कुणी नव्हतं. मी झाकण काढलं, तारा काढल्या, दोन डिस्क आणि सीडीची दोन, अशी चारही खोकी बाहेर काढली आणि फडक्यावर मांडली. प्रत्येकाच्या पाठीमागे, तारेच्या खाचेशेजारी, मुगाच्या दाण्याएवढी एकेक प्लॅस्टिकची टोपी दोन बारीक काट्यांवर बसवलेली होती, शेजारचे काटे मोकळे. मला वाटलं, धूळ जाऊ नये म्हणून असेल, नव्या बाटलीवर असतं तसं. त्याही काढल्या. वाटीत ठेवल्या. सगळं लख्ख पुसलं आणि परत बसवताना पाहिलं, तर आधी कुणाची टोपी कुठल्या काट्यांवर होती ते आठवेना. म्हणून मी माझ्या पद्धतीने केलं. चौघांच्याही टोप्या एकाच जागी, एका ओळीत, नीटनेटक्या. कपाटातल्या कपबश्यांचे कान मी जसे एका बाजूला ठेवते, तशा.

यंत्र लावलं, तर पडदा काळा. काळ्यावर चार ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे एकच इंग्रजी शब्द. तो काही नाही असं सांगत होता, हे मला शब्दकोशातून कळलं.

त्याच दिवशी तुझा फोन आला. तू म्हणालीस, बघ, बाबांशिवाय त्यालाही राहवलं नाही. आणि रडायला लागलीस. बाबा गेल्यावर तू पहिल्यांदा रडलीस ती तेव्हा. त्या वेळी मी कशी सांगणार होते, की अगं, मी टोप्या चुकवल्या? तेव्हा राहिलं ते राहिलंच. मग लाज वाटायला लागली. मग तुम्ही त्या लाजेच्या पायावर माझी खोली बांधलीत, पडदे लावलेत. यंत्र नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे दुकान नाही, दुकान नाही म्हणजे आई तिथे एकटी काय करणार. हिशोब बरोबर होता, पहिला आकडा तेवढा चुकीचा होता, आणि तो मी दिला होता.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. त्याने बूट न काढता आत येऊन पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, काकू, दोन्ही डिस्क मेल्या, सीडीवालेही मेले, हे सोडा आता, वजनावर घेतो मी. मी विचारलं, चारही एकदम? म्हणाला, वय झालं की होतं असं. म्हटलं, वय माझंही झालंय, पण माझे दोन्ही डोळे आणि दोन्ही कान एकाच दुपारी गेले तर मी वयाला दोष देणार नाही, कुणी काय केलं ते शोधीन. त्याने हसून, पैसे द्यायला काढलेलं पाकीट परत खिशात घातलं. जाताना म्हणाला, काकू, हे बायकांचं काम नाही. त्याचे आभार मानायला हवेत. नुसतं नाही जमणार म्हणाला असता, तर मी कदाचित ऐकलं असतं.

तुला आठवतं ना, मी चौथीपर्यंतच शाळेत गेले? पुढचं सगळं वाचन पुड्यांच्या कागदांवर, वाचनालयाच्या फाटक्या पुस्तकांवर आणि कॅसेटींच्या चिठ्ठ्यांवर झालं. इंग्रजी अक्षरं चिठ्ठ्या लिहितानाच शिकले. बाबांच्या खणात त्या यंत्राचं पुस्तक होतं, सगळं इंग्रजीत. मी ते आठ महिन्यांत वाचलं. सगळं नाही, तेवीस पानं. रोज सकाळी घरातलं आवरलं की दुकानात जायचं, शटर अर्धं वर करायचं आणि शब्दकोश शेजारी घेऊन बसायचं. काही दिवशी चार ओळी व्हायच्या. काही दिवशी एक शब्द. जंपर या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ उडी मारणारा असा निघाला. आठवडाभर मी, आत उडी कोण मारतंय, हे शोधत होते. तो त्या टोपीचाच शब्द आहे म्हणे.

मग कळलं ते असं. यंत्रात दोन रुंद पट्ट्या असतात, तारांच्या. एका पट्टीवर दोघांनाच जागा. त्या दोघांतला एक थोरला आणि एक धाकटा, हे आपण ठरवायचं आणि टोपी कुठल्या काट्यांवर बसवतो त्यावरून यंत्राला सांगायचं. पुस्तकात मालक आणि गुलाम असे शब्द आहेत. मला ते आवडले नाहीत, मी थोरला-धाकटाच म्हणते. टोपी कुठे बसवायची त्याचं चित्र प्रत्येक डिस्कच्या पाठीवर छापलेलं असतं, मी ते इतके दिवस फडक्याने पुसत होते. आणि एका पट्टीवर दोघेही थोरले झाले तर दोघे एकदम उत्तर देतात आणि यंत्राला कुणाचंच ऐकू येत नाही. तुझ्या दोन्ही आत्या एका वेळी बोलायला लागल्या की बाबा कसे डोळे मिटून बसायचे, तसं ते यंत्र आठ महिने बसलं होतं. मी नीटनेटकेपणाने चारही जण थोरले करून ठेवले होते.

गेल्या सोमवारी, तुझा भुवया कोरायचा चिमटा कपाटात राहिला होता, तो घेऊन बसले. दोन्ही डिस्क एका पट्टीवर, सीडीची दोन्ही खोकी दुसरीवर. पट्टीची लाल कड विजेच्या खाचेकडे. एक टोपी उडून टेबलाखाली गेली, ती शोधताना गुडघा असा धरला की परत उठायला डेकचा आधार घ्यावा लागला. यंत्र लावलं. चार ओळी आल्या आणि चारींपुढे नावं, आकडे. पण पुढे पडदा पुन्हा काळा, कारभाराची डिस्क सापडत नाही म्हणून. मी आवाजांच्या डिस्कला थोरली केली होती. माझ्या मते तिचाच मान मोठा. यंत्राचं मत वेगळं पडलं. तू म्हणशील, हे पडद्यावरूनच बदलता आलं असतं. आलं असेल. मी टोप्या बदलल्या. त्यानंतर ते सुरू झालं.

आता मुख्याध्यापिकाबाईंचं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या उंच बाई, तू त्यांच्याशी फोनवर बोलली आहेस. त्यांचा भाऊ जहाजावर वायरलेसचं काम करायचा आणि पत्रांऐवजी कॅसेटी भरून पाठवायचा. नऊ कॅसेटी. त्यातल्या दोन बाबांनी उतरवून घेतल्या आणि त्यांच्या फितीचा तिथेच भुगा झाला. त्या दोन आता फक्त आवाजांच्या डिस्कवर. तू त्यांना सांगितलंस, सगळं गेलं, आम्हाला क्षमा करा. तेव्हा तुला तेच माहीत होतं. तरी त्या दर मंगळवारी येऊन स्टुलावर बसायच्या, म्हणायच्या, काही नको, नुसतं शटर उघडं दिसलं म्हणून आले. या मंगळवारी आल्या तेव्हा मी डेकशेजारचा स्पीकर लावला. भाऊ समुद्रावरून विचारत होता, शेजाऱ्यांचं ते पिसाळल्यासारखं भुंकणारं कुत्रं आहे का अजून? बाई स्पीकरकडे तोंड करून म्हणाल्या, मेलं ते, तू गेलास त्याच वर्षी. मग पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत होत्या, हसणंच होतं बहुतेक. मी त्यांची सीडी एका खोक्यात लिहिली आणि दुसऱ्यात पूर्ण तपासली. एक तास अकरा मिनिटं. त्यांना घाई होती का, हे मी विचारलं नाही.

तुला वाटेल, आईला त्या डिस्कवर बाबांचा आवाज सापडला, म्हणून ती हट्टाला पेटली आहे. नाही सापडला. मी शोधला, खोटं कशाला बोलू. शेकडो तास दुसऱ्यांचे आवाज आहेत आणि त्यात त्यांचा साधा खोकलाही नाही. कॅसेट चालू असली की ते श्वाससुद्धा बेताने घ्यायचे. म्हणजे त्या प्रत्येक तासात ते तिथे बसलेले आहेत आणि ऐकू येत नाहीत. मला त्याची सवय आहे. त्यांच्या शेजारी बसून मी तेच तर ऐकत आले. तुला ती खोली बघवत नाही, हेही मला कळतं. ते गेले त्या दिवशी त्या स्टुलावर तूच त्यांना पहिल्यांदा पाहिलंस, मी नंतर आले. तू नको येऊस. आयुष्यात कधीच आली नाहीस तरी मी रागावणार नाही. पण तुला बघवत नाही म्हणून ती खोली मी सोडायची, हे होणार नाही. त्यांनी कुणाला कुठे जोडलं होतं ते आता कधीच कळणार नाही, ते मी स्वतःच पुसून टाकलं. आज आत आहे ती मांडणी माझी आहे, आणि ती चालते.

आता हे पत्र कशासाठी ते. जावईबापूंनी मला एक कागद पाठवला होता, दुकान स्वखुशीने सोडत असल्याचा. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली, आणि चिठ्ठी की या आठवड्यात परत पाठवा. तो परत येणार नाही, उगाच वाट पाहू नका. कागद चांगला जाड आहे आणि पाठ कोरी होती. मी तिच्यावर चारही खोक्यांची आकृती काढली, कोण कुठल्या पट्टीवर, कुणाची टोपी कुठल्या काट्यांवर, लाल कड कुठल्या बाजूला, सगळं. पुन्हा कधी धूळ पुसावीशी वाटली तर हाताशी असावं, म्हणून यंत्राच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने लावून टाकला आहे आणि चारही स्क्रू घट्ट पिळले आहेत. दुकानाच्या मालकांना मी काल स्वतः जाऊन, दुकान सोडत नाही म्हणून सांगून आले, ते म्हणाले, बरं. पडदे चांगले आहेत, राहू देत, मी चार दिवस राहायला येईन तेव्हा लागतील. आणि जावईबापूंना सांग, दुसरा कागद पाठवायचा असला तर खुशाल पाठवा. यंत्राच्या मागच्या बाजूच्या तारांची आकृती अजून काढायची आहे.

तुझी, दुकानात असलेली,
आई