फ्रिजच्या दारातली बाटली

वेस्लाको, टेक्सस
४ मे २०१७

प्रिय मिनर्वा,
अ. आ.

काल पूल ओलांडून पलीकडे मेक्सिकोत, प्रोग्रेसोला गेले. दाढ काढायची होती. इकडच्या दंतवैद्याचा आकडा ऐकून दाढ गप्प झाली होती, पण दोनच दिवस. औषधवाला रेमिहियो म्हणाला, की एलोइसाबाई, आता तुमच्या तोंडात चावायला शब्दच उरले. मी म्हटलं, तेही तुझ्यासाठीच राखलेत. तुझी चौकशी करत होता. नाताळात नेलेल्या इन्सुलिनच्या तीन बाटल्या मार्चातच संपल्या असतील, नणंदबाई परत कधी येणार, म्हणून. तुझा भाऊ जाऊन चार वर्षं झाली, तरी रेमिहियो अजून आम्हा दोघांची औषधं काढायला घेतो आणि मग थांबतो.

पुलाचा चढ पूर्वी एवढा नव्हता. खुशाली कळव, लोभ आहे तसा राहू दे.

तुझी वहिनी,
एलोइसा

सॅगिनॉ, मिशिगन
१३ मे

ति. वहिनीस,
सा. न.

बाटल्यांची काळजी नको, तिसरी अजून अर्धी आहे. कारखाना बंद झाला तसा विमाही गेला. इथल्या दुकानात इन्सुलिनची किंमत विचारली आणि च्युइंगम घेऊन परत आले. चानोदादा असता तर पोट धरून हसला असता.

नवा बूट चावला म्हणून टाचेला पट्टी आहे. महिना झाला, भरेल. सून डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागते. तिला म्हटलं, तू आधी भात मोकळा शिजवायला शीक.

दाढेला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मिनर्वा

वेस्लाको
२० मे

प्रिय मिनर्वा,
अ. आ.

फोनवर तू हसून वेळ मारून नेतेस, म्हणून लिहिते.

माझी शाळा तिसरीत सुटली, कापूस वेचायला. तेव्हापासून छापलेलं काही मी सोडत नाही. बाटलीबरोबरचा कागदही पुन्हा वाचला. उघडलेली बाटली अठ्ठावीस दिवसांनी टाकावी, असं त्यात आहे. तुला महिन्याला एक सांगितली होती. नाताळ होऊन पाच महिने होत आले.

चानोही म्हणायचा, अजून शिल्लक आहे. मला ती काटकसर वाटली. शेजारणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा. तो गेला तेव्हा अर्धी बाटली फ्रिजच्या दारात होती. अजून तिथेच आहे.

पत्र मिळताच सुनेबरोबर जाऊन टाच दाखव. मग इकडे ये. ज्याचं औषध त्यानेच पुलावरून आणायचं, असा सीमेवरचा नियम आहे, नाहीतर मीच आणलं असतं. एक माणूस मी असं घालवलं. दुसरं घालवण्याइतकं बळ आता माझ्यात नाही.

एलोइसा

सॅगिनॉ
२८ मे

ति. वहिनीस,
सा. न.

अर्धंच टोचत होते, जानेवारीपासून. दादाने तसं केलं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरची खोडच असावी.

डॉक्टर खूप बोलला. पाय राहील म्हणाला, पण आणखी पंधरवडा गेला असता तर राहिला नसता. तिकडे पोचेपर्यंत पुरेल एवढं औषध त्याने हातात ठेवलं. आठ जूनची बस आहे. सून सोबत येते. तिला भात तुझ्याकडूनच शिकायचाय म्हणे.

रागावली असशील तर माझ्यासमोर रागाव.

तुझी,
मिनर्वा

वेस्लाको
२ जून

प्रिय मिनर्वा,
अ. आ.

रागवायला उभं राहावं लागतं, आणि मी थकलेय. रेमिहियोला तू येतेस म्हणून सांगितलं. पुलावरून तुझ्या बाटल्या गार आणायला चानोचा शेतावरचा डबा घासलाय, त्यात बर्फ छान राहतो.

त्याची बाटली आज टाकली. दारातला तो कप्पा पुसून ठेवलाय.

तुझी वहिनी,
एलोइसा