पलंगाखालचं डिझेल

सोमवार, ता. ३
चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ. पत्र तुझ्या नवऱ्याच्याच हाती देतेय. वाटेत उघडून वाचेल, वाचू दे. लाँच चालवता चालवता मधेच इंजिन बंद करतो आणि प्रवाहावर सोडून देतो म्हणे, डिझेल वाचवायला! मग वाचायला वेळच वेळ. दिवसाला चार फेऱ्या होत्या, आता आठवड्याला दोन, सोमवार आणि गुरुवार. पुढच्या महिन्यात एकच म्हणतो. डॉक्टर आमच्या काठाला आणि दमेकरी आई तुमच्या काठाला. मधल्या वारी धाप लागली तर काय पोहत आणणार? येत्या गुरुवारी तिला बसवून दे. सबबी नकोत.
लोभ आहेच, वाढवायचा तर आईला पाठवून वाढव.
तुझी नणंद

गुरुवार, ता. ६
ती. ताईंना,
सा. न. वि. वि. रागावू नका. आईंना धाप लागली तर म्हणून यांनी एक कॅन डिझेल पलंगाखाली राखून ठेवलं होतं. म्हणून मी निश्चिंत होते. पण मंगळवारी शिंपीणबाईंची सून बाळंतपणात अडली. आईंनी स्वतः वाकून कॅन ओढला आणि यांना म्हणाल्या, बघतोस काय, ओत. सून वेळेत पलीकडे पोचली, मुलगी झाली. आता कॅन रिकामा आहे आणि नवं डिझेल मिळत नाही.
काल आईंना तुमच्याकडे जायचं विचारलं. लिहू नकोस म्हणाल्या, तरी लिहिते. लेक पाठ चोळते ती भांडी घासल्यासारखी, म्हणाल्या. मी सोबत असले तरच येतील. आणि मी न बोलावता कशी येऊ?
लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.
आपली वहिनी

सोमवार, ता. १७
चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ. दोन फेऱ्या तशाच जाऊ दिल्या. राग आला होता, लपवत नाही. पोटची मी, आणि आईला हात तुझा लागतो! मग डॉक्टरला विचारून आले, धाप लागल्यावर किती वेळ हातात असतो ते. त्यानं सांगितलं ते कागदावर लिहवत नाही.
तेव्हा दोघी या. इस्त्रीचं टेबल बाहेर काढून आतली खोली मोकळी केलीय. पाठ कशी चोळायची ते मला शिकव, चुकले तर बोल. एकदा ऐकून घेईन. तुझ्या नवऱ्याला स्वयंपाक येत नाही हे ठाऊक आहे. पंचेचाळिशीचा घोडा झालाय, शिकेल.
गुरुवारी धक्क्यावर उभी असेन. उतरताना आईचा एक हात तू धर, दुसरा मी धरते.
लोभ दोघींवर सारखाच,
तुझी नणंद