हलकी गोळी

प्रिय आईस,

आम्ही दोघं शिकारीच्या कॅम्पवर सुखरूप आहोत. इथे फोन लागत नाही, म्हणून हे पत्र गावातल्या दुकानात टाकायला देतोय. तू दिलेल्या मांस-बटाट्याच्या पेस्टी बाबांनी पोटभर खाल्ल्या. तुझा खोकला कसा आहे?

हरणासाठी मी रिव्हॉल्व्हरच्या तीनशे ग्रेन वजनाच्या जड गोळ्या आणल्या होत्या. पण त्यांचा झटका आता बाबांच्या हाताला सोसत नाही. त्यांनी एकशे ऐंशीच्या हलक्या भरल्या.

मी म्हटलं, "बाबा, खांद्याच्या हाडावर बसली तर ही वरच फुटेल, आत जाणार नाही."

"मला शिकवू नकोस, रुडी. मी हाडावर मारतच नाही."

काल सकाळी हरीण अगदी जवळ आलं. बाबांचा नेम ढळला आणि गोळी खांद्याच्या हाडावरच बसली. ते पडलं, उठलं आणि तीन पायांवर झाडीत शिरलं. बर्फावरच्या रक्तामागे आम्ही दुपारपर्यंत चाललो. सापडलं तेव्हा जिवंत होतं, आमच्याकडे बघत होतं. बाबांनी रिव्हॉल्व्हर उचललं, पण हात काही स्थिर होईना. शेवटी म्हणाले, "तूच संपव रे."

मी संपवलं. बाबा बराच वेळ बर्फातच बसून होते.

कॅम्पवर परतताना त्यांनी गाडीची चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसले. आजवर त्यांनी ती गाडी कुणाला चालवू दिली नाही, हे तुला ठाऊकच आहे.

रविवारी पोचतो. मी गाडी चालवत आलेला दिसलो, तरी त्यांच्यासमोर काही विचारू नकोस.

तुझा,
रुडी